पडद्यावरील भय आणि सदसद्विवेक

पुनरुत्थान-काळात घरांना आशीर्वाद देण्यासाठी मोहने-आंबिवली परिसरात आम्ही फिरतो, तेव्हा पालकांचा एक प्रश्न हमखास कानी पडतो : “फादर, मुले रात्र-रात्र मोबाइलवर भुताखेतांचे नि खुनाचे चित्रपट पाहतात. त्यांना अडवावे का?” पूर्वी आम्ही ‘अडवा’ असे सांगून मोकळे होत असू. आता आम्ही उलट विचारतो, “कोणता चित्रपट?” भयपटालाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासात काही कलाकृती अशा आहेत की त्या मुलांनी, शक्यतो आईवडिलांच्या सोबतीने, जरूर पाहाव्यात.

आपल्याकडील या परंपरेचा उल्लेख निघाला की १९४९ चा ‘महल’ आठवतो. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची ही निर्मिती म्हणजे कमाल अमरोही यांचे दिग्दर्शनातील पहिले पाऊल. छायालेखक होते जोसेफ वर्शिंग हे जर्मन गृहस्थ. ओसाड हवेली, हलणाऱ्या सावल्या आणि दुरून जवळ येत जाणारा स्त्रीस्वर. हा परिणाम साधण्यासाठी लता मंगेशकर गाता गाता दुरून मायक्रोफोनकडे चालत आल्या, असे सांगतात. पडद्यावर रक्त नाही, विद्रूप चेहरा नाही. तरी अंगावर काटा येतो. शेवटी कळते की ते भूत नव्हतेच, ती माळ्याची मुलगी होती. मात्र त्या भासापायी नायकाने आपल्या पत्नीची केलेली उपेक्षा खरी असते आणि तिचा मृत्यूही खरा असतो. भूत खोटे, पाप खरे, हा या चित्रपटाचा खरा धक्का आहे.

मराठी चित्रपटानेही हीच वाट धरली. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला. त्याचा आधार जयंत देवकुळे यांच्या कादंबरीचा होता. पुढे १९६६ साली राज खोसला यांनी त्यावरूनच ‘मेरा साया’ हा हिंदी चित्रपट केला. गाभा असा : एका वकिलाने आपल्या पत्नीला अग्नी दिला आहे. आणि आता आरोपीच्या पिंजऱ्यातील एक स्त्री सांगते, ‘मीच तुमची पत्नी.’ डोळ्यांनी पाहिलेल्या मृत्यूवर विश्वास ठेवावा की समोरच्या जिवंत माणसावर? न्याय करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. वसंत जोगळेकर यांच्या १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्येही भीतीचे मूळ स्मशानात नसून माणसाच्या मनात आहे.

हे भय बरेचसे कानांवाटे आत शिरते, आणि तिथे आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. त्या काळातील मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याचे ख्रिस्ती वादक मोठ्या संख्येने होते. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे जाणकारांच्या ओठी आजही असतात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुले स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत. उपासनेसाठी घेतलेले ते शिक्षण पुढे अनेकांना चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात उपयोगी पडले.

या कलेचे मर्म सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते आल्फ्रेड हिचकॉक यांनी. १८९९ साली लंडनच्या एका कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या या दिग्दर्शकाचे शालेय शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. ते म्हणत, टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बाँब तिथे आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल आणि टेबलाभोवतीची माणसे निवांत गप्पा मारीत असतील, तर पंधरा मिनिटे त्याचा जीव टांगणीला लागतो. फरक लक्षात घ्या : दचकतो तो स्वतःसाठी, जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्यासाठी.

त्यांचा १९५३ चा ‘आय कन्फेस’ आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. क्युबेक शहरातील चर्चचा एक सेवक झगा घालून खून करतो आणि त्याच रात्री फादर लोगन यांच्यापाशी पापनिवेदन करतो. संशय येतो फादरांवरच. खुनी कोण हे त्यांना ठाऊक, आपल्यालाही ठाऊक; पण संस्काराची मोहोर मोडता येत नाही. पुराव्याअभावी न्यायालय त्यांना सोडते, तरी बाहेरचा जमाव सोडीत नाही. अखेरीस मरणासन्न खुनी ज्याला त्याने फासाच्या दारी नेले त्याच फादरांकडे क्षमा मागतो. अन्य धर्मीय प्रेक्षकांना फादरांचे हे मौन अविश्वसनीय वाटले, असे हिचकॉक यांनीच नंतर सांगितले. पापनिवेदनासाठी वर्षानुवर्षे बसलेल्या आम्हांला मात्र त्या मौनाचे ओझे समजावून सांगावे लागले नाही.

वाचकहो, आज पडद्यावर रक्त स्वस्त झाले आहे. ते पाहून माणूस दचकतो, मग हसतो, मग निबर होतो. जुने चांगले भयपट याच्या उलट करतात. ते थोडेच दाखवतात, वाट पाहायला लावतात आणि परक्या माणसासाठी आपला श्वास रोखून धरायला शिकवतात. म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच : मुलाच्या हातून मोबाइल हिसकावण्याआधी एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसा. ‘महल’ लावा. दिवे मालवा, हरकत नाही. चित्रपट संपल्यावर ‘भीती वाटली का?’ हे विचारू नका. ‘कोणासाठी वाटली?’ हे विचारा.