आखाची गळती : चामड्यापासून रबरापर्यंत



मागच्या भागात जबलपूरच्या कारखान्यांबद्दल बोललो होतो. शक्तिमान, निस्सान वनटन, जोंगा या गाड्यांची इंजिनं, त्यांचे करार, त्यामागचं राजकारण असं सगळं झालं. आज तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. तिला आपल्याकडे सगळे ऑइल सील म्हणतात. बाहेरून पत्र्याची किंवा रबराची कडी, आत रबराची पातळ ओठासारखी कड, आणि त्या ओठाला आवळून धरणारी केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग. जिथे फिरणारा दांडा तेलाने भरलेल्या पेटीतून बाहेर येतो, तिथे ही बसते. तेल आत ठेवायचं आणि धूळ-पाणी बाहेर, एवढंच तिचं काम. ती गेली की गाडीखाली डाग पडतो, आणि बहुतेक लोक त्या डागावर पुठ्ठा टाकून सहा महिने काढतात.

मी सैन्यात ईएमई कोअरमध्ये होतो. दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली ही कोअर उभी राहिली. युद्ध यंत्रांवर लढलं जाऊ लागलं आणि यंत्र बिघडतात हे सगळ्या सेनापतींच्या लक्षात आलं, म्हणून. आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या गाड्यांच्या तक्रारवहीत सर्वांत जास्त वेळा दिसणारा शब्द कोणता असेल, तर ‘लीकेज’. आणि त्यात आखाच्या सीलची गळती ही सर्वांत फसवी.

आख हा शब्द मी मुद्दाम वापरतो. बैलगाडीचा आख ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट लवकर कळते. लाकडी तुंबा लोखंडी आखावर फिरायचा आणि मध्ये वंगण असायचं : तेलात काजळी, जळक्या चिंध्या कालवलेला काळा लगदा. गाडीखाली नळकांड्यात तो टांगलेला असे. वंगण बाहेर यायचं, धूळ आत जायची, गाडीवान पुन्हा वंगण घालायचा. गळणं हा दोष नव्हताच, तो रोजचा क्रम होता. चाकाचा वेग बैलाच्या पायाएवढा, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं.

मोटार आली आणि अडू लागलं. आता आखाच्या मधोमध दातेरी चाकांची पेटी आली, तिच्यात पातळ तेल आलं, आणि आख मिनिटाला शेकडो फेरे घेऊ लागला. सुरुवातीच्या मोटारींमध्ये तेल अडवायला होतं काय? दोरखंडासारखं वळलेलं पॅकिंग, लोकरीचा नमदा, आणि चामडं. नमद्याची चकती तेल पिऊन फुगते आणि दांड्याला मऊपणे घासत राहते. चामडं तेलात भिजवून कपासारखं वळवलं की तेही बरंच काम देतं. पण जास्त तापलं की कडक होतं, आक्रसतं, आणि मग तेल वाट काढतं.

इथून पुढची गोष्ट एका कातडी कमावणाऱ्या कारखान्याची आहे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग कुटुंबाची १८४९ पासूनची टॅनरी होती. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा हातात असलेल्या चामड्याचं दुसरं काय करता येईल या विचारातून त्यांनी यंत्रांसाठी चामड्याची सील करायला घेतली. वाल्टर सिमर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने पत्र्याच्या कडीत बसवलेला, स्प्रिंगने आवळलेला ओठ अशी रचना केली आणि १९३२ च्या सुमारास ती बाजारात आली. जर्मनीत आजही कोणत्याही कंपनीच्या ऑइल सीलला सर्रास ‘सिमररिंग’ म्हणतात, आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. १९३६ मध्ये त्यांनी चामड्याच्या जागी कृत्रिम रबर वापरायला सुरुवात केली. अमेरिकेत शिकागो रॉहाइड ही कंपनीही अशीच. १८७८ साली चामड्याचे पट्टे बनवण्यासाठी निघालेली, पुढे तेलाच्या सीलकडे वळलेली. मोटारीच्या पोटातली ही वस्तू चांभारकामातून आली आहे, हे मला फार आवडतं.

इतिहास सांगायचा तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चामड्याला पर्याय म्हणून बुटांचे कृत्रिम तळवे बनवणाऱ्या ज्या जर्मन कंपन्यांनी १९४० पासून झाक्सेनहाउसनच्या छळछावणीत कैद्यांना दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालवून ते तळवे तपासले, त्यात हीच कंपनी होती. कृत्रिम रबराच्या गौरवकथांमध्ये हे पान सहसा गाळलेलं असतं.

साधं रबर का चाललं नाही? झाडाच्या चिकापासून केलेलं नैसर्गिक रबर खनिज तेलात ठेवलं की फुगतं आणि गळून जातं. तेलाला दाद न देणारं रबर हवं होतं. ते जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात तयार केलं. आज त्याला नायट्राइल म्हणतात. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतला आणि दोस्त राष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा मोठा पुरवठा तुटला, तेव्हा अमेरिकेलाही कृत्रिम रबराचे कारखाने धडाक्याने उभारावे लागले. युद्धानंतरच्या मोटारींमध्ये चामडं जवळपास संपलं, रबर आलं.

नमदा मात्र चिवट निघाला. विलीज जीपच्या पुढच्या आखाच्या टोकाला, जिथे चाक वळतं, तिथे एक लोखंडी गोळा असतो आणि त्या गोळ्याला पुसत राहणारी नमद्याची पट्टी असते. जीप १९४१ ची. १९९० च्या दशकात सैन्यात आलेल्या मारुती जिप्सीचा पुढचा आख उघडा, तिथेही नमद्याची पट्टी सापडेल! पन्नास वर्षांत रणगाडा ओळखू न येण्याइतका बदलला, नमदा तिथेच.

या जिप्सीच्या नकलने आमच्या पोरांना बरंच फसवलं. नकलमध्ये घट्ट ग्रीस असतं. ते नमद्याच्या कडेने पातळ होऊन ओघळू लागलं की मेकॅनिक नमदा आणि त्यामागचं रबर बदलायचा. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दारात. आमच्याकडे साताऱ्याकडचे एक हवालदार होते. त्यांनी ते ओघळलेलं ग्रीस बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “साहेब, ह्याला गंधकाचा वास येतोय. हे नुसतं ग्रीस न्हाई, आतलं तेल आलंय ह्यात.” बरोबर होतं. गिअर ऑइलमध्ये दात्यांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधकाची संयुगं घातलेली असतात, त्याचा वास लपत नाही. दोष बाहेरच्या नमद्यात नव्हता. आखाच्या आतलं, डिफरन्शियलचं तेल अडवणारं सील गेलं होतं. ते तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करत होतं आणि पातळ झालेलं काहीही नमदा अडवू शकत नाही. डाग जिथे दिसतो तिथे रोग असेलच असं नाही, हे त्या गाडीने अख्ख्या वर्कशॉपला शिकवलं.

मागच्या आखाची गळती तर जिवावरची. अ‍ॅम्बॅसेडर, पद्मिनी, जीप, ट्रक, या सगळ्या मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्या. त्यात सील गेलं की तेल पुष्कळदा जमिनीवर पडतच नाही. ते ब्रेकच्या ड्रममध्ये जातं आणि लायनिंग पितं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात उतरताना ड्रायव्हर ब्रेक दाबतो, एका बाजूचं चाक धरतं, दुसऱ्या बाजूचं सटकतं आणि गाडी आपली आपण एका अंगाला ओढली जाते. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही अशा रस्त्यावर ती कोणत्या अंगाला ओढली जाईल, हे कोणतं सील गेलंय त्यावर ठरतं. म्हणून पहाडी ताफा निघण्याआधी मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारून बघणं हा आमच्याकडे नियम होता, आणि ओल दिसली की गाडी बाजूला. कोणाचीही असो. यावरून मोठ्या हुद्द्यांशी माझे खटके उडाले आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आता आपल्या आजच्या गाड्यांकडे येऊ. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि भारतातल्या सामान्य घरात पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी शिरली. तिचा वंश युरोपातला. १९५९ च्या मिनीत अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं ठेवलं, पण गिअरबॉक्स इंजिनाखाली, एकाच तेलात. १९६४ च्या ऑटोबियांची प्रिमुला गाडीत फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, त्याच्या टोकाला लावला. दोन आख कमीजास्त लांबीचे झाले, पण तेलं वेगळी झाली. आज आपल्या बहुतेक लहान गाड्यांची मांडणी तीच आहे. यात गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात आणि दोन्ही आख थेट त्या पेटीतून बाहेर येतात. म्हणजे पूर्वी मागे, चाकापाशी होणारी गळती आता पुढे, गाडीच्या पोटाशी होते. ब्रेक बहुधा वाचतो, पण गिअरबॉक्स हळूहळू कोरडा पडतो आणि त्याची किंमत सीलच्या शेकडो पट असते.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर डाग बहुधा लाल असतो. हे तेल इंजिन ऑइलपासून ओळखता यावं म्हणूनच ते रंगवतात. या तेलाचाही इतिहास विलक्षण आहे. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्स १९३९ मध्ये ओल्ड्समोबाइल गाडीसाठी आला आणि लगेच युद्धावर गेला. अमेरिकन एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांना दोन हायड्रामॅटिक होते. त्या पिढीच्या तेलात घर्षण नेमकं राहावं म्हणून स्पर्म व्हेल माशाचं तेल घालत. १९७३ च्या अमेरिकन कायद्याने ते बंद झालं, तेव्हा देवमाशाच्या तेलासारखं वागणारं दुसरं काही शोधताना कंपन्यांची दमछाक झाली. सुरुवातीच्या पर्यायी तेलांनी कूलरमधला धातू खाल्ला. म्हणून गाडीच्या पुस्तकात जे तेल लिहिलंय तेच घाला असं मी सांगतो, तेव्हा तो हट्ट नसतो.

दुरुस्तीचं सांगतो. आधी खात्री करा. वरून, इंजिनाकडून ओघळत आलेलं तेल आखापाशी जमून सीलचा दोष भासतं. सगळं पुसून, धुऊन, दहा-वीस किलोमीटर चालवून बघा. मग ब्रीदर बघा. हे सगळे विसरतात. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती बाहेर जायला एक बारीक नळी असते. ती चिखलाने बुजली तर हवा सीलच्या ओठातून तेल ढकलत निघते. नवं सील बसवा, तेही गळेल. उलटंही होतं : तापलेला आख नाल्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. नदी ओलांडणाऱ्या लष्करी गाड्यांच्या ब्रीदर नळ्या उंच नेलेल्या असतात, त्या यासाठी.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, घोड्या लावा. हबचं नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. गिअरबॉक्सचं तेल काढा, खालचा बॉल जॉइंट सोडवा, आणि आख काढताना दांड्याला धरून ओढू नका. ओढलात तर आतला जॉइंट रबरी बुटात सुटून येतो आणि तासाचं काम दिवसाचं होतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी पहार लावून जॉइंटचं भांडंच उचकटा. आतली बारीक सर्क्लिप ‘टक्’ करून सोडते. जुनं सील किती खोल बसलंय ते काढण्याआधी मोजून ठेवा आणि काढताना भोकाच्या भिंतीला ओरखडा पडू देऊ नका.

मग दांड्याचा जो भाग सीलमध्ये फिरतो त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. रबराने पोलाद झिजवलेलं असतं, खरं तर रबरात रुतलेल्या धुळीने. अशा दांड्यावर नवं सील टिकत नाही. दांडा बदला, किंवा पाव मिलिमीटर जाडीची पोलादी बाही त्यावर चढवतात ती मिळाली तर चढवा. आख हलवून बेअरिंगचा खेळही बघा.

नवा ओठ कोरडा बसवू नका, तेल लावा. याचं कारण ब्रिटिश संशोधक ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये दाखवून दिलं : चांगलं सील दांड्याला कोरडं चिकटलेलं नसतंच. ओठ आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि ओठ त्या थरावर तरंगतो. मग तेल बाहेर का येत नाही? ओठाचा तेलाकडचा उतार उभा आणि हवेकडचा पसरट असतो. त्यामुळे फिरणाऱ्या दांड्यावर ओठाच्या सूक्ष्म खडबडीतून तेल सतत आतल्या बाजूला ढकललं जातं. सील हा बांध नाही, तो एक चिमुकला पंप आहे. म्हणूनच स्प्रिंगची बाजू तेलाकडेच हवी. उलट बसवलं तर तोच पंप तेल बाहेर काढतो. काही सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं. तेही बघा.

सरळ ठोका. जुनं सील किंवा योग्य मापाचा पाइप मध्ये धरा, हातोडी हलकी. आख परत घालताना त्याच्या दातेरी टोकाला टेप गुंडाळा, नाहीतर ते दातेच नवा ओठ कापतात. सर्क्लिप नवी, हबचं नट नवं आणि सांगितलेल्या टॉर्कला. गिअर ऑइल बहुतेक गाड्यांत भरायच्या भोकाच्या काठापर्यंत भरतात. ऑटोमॅटिकची पातळी मात्र पुस्तकात लिहिलेल्या तापमानालाच मोजा. शंभरेक किलोमीटर चालवा, रात्री खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. पुठ्ठा कोरा असेल तर चहा प्या. ओला असेल तर आधी ब्रीदर परत बघा, मग सील.

पुढच्या भागात ब्रेकचं तेल आणि उंचावरची थंडी.