राजधानी जळाली तो दिवस

१८१२च्या जूनमध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटिश आरमार अमेरिकी खलाशांना बळजबरीने आपल्या जहाजांवर नेत होतं, ही तक्रार खरी होती. पण काँग्रेसमधल्या तरुण युद्धवाद्यांचा डोळा कॅनडावर होता. १८१३मध्ये अमेरिकी फौजेने यॉर्कमधल्या, म्हणजे आजच्या टोरंटोतल्या, सरकारी इमारती जाळल्या. पुढच्या एप्रिलमध्ये नेपोलियन पायउतार झाला आणि युरोपातलं कसलेलं ब्रिटिश सैन्य मोकळं झालं.

१९ ऑगस्ट १८१४ला ब्रिटिश जनरल रॉस सुमारे साडेचार हजार सैनिकांसह मेरीलँडमध्ये बेनेडिक्टला उतरला. शत्रूला बाल्टिमोर हवंय, वॉशिंग्टन नव्हे, हे युद्धमंत्री आर्मस्ट्राँग यांचं पालुपद. परराष्ट्र खात्यातला कारकून स्टीफन प्लेझंटन स्वातंत्र्याचा जाहीरनामा कापडी पिशव्यांत भरत होता, तेव्हा त्यालाही त्यांनी उगाच घाबरतोस म्हणून टोकलं. त्याने ऐकलं नाही, म्हणून तो कागद वाचला.

२४ ऑगस्ट, सकाळी दहाच्या सुमारास
राष्ट्राध्यक्ष मॅडिसन आणि अमेरिकी फौजेचे सेनापती जनरल विंडर नौदलाच्या गोदीपाशी. अखेर खात्रीची बातमी आली: शत्रू राजधानीजवळच्या ब्लेडन्सबर्गकडे निघालाय. राजधानीभोवती संरक्षणाची धड तटबंदीही नव्हती.

दुपारी एक
ब्लेडन्सबर्गला अमेरिकी फौज संख्येने जास्त, पण बहुतेक नवशिके स्वयंसेवक. परराष्ट्रमंत्री मन्रो यांनी अधिकार नसताना तुकड्या हलवल्या आणि मागची फळी पुढच्या फळीला मदत करू शकणार नाही इतकी दूर गेली. ब्रिटिशांची रॉकेटं सुटू लागली, माणसं पळू लागली. अमेरिकी कमोडोर बार्नीचे शेपाचशे खलाशी आणि नौसैनिक तेवढे तोफांपाशी टिकून राहिले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला. त्या दिवसाची अब्रू राखली ती याच माणसांनी.

दुपारी तीन
अध्यक्षांच्या निवासात पंधरा वर्षांचा गुलाम पॉल जेनिंग्ज जेवणाचं टेबल मांडत होता. तेवढ्यात निघून जाण्याचा निरोप आला. वॉशिंग्टन यांचं मोठं चित्र घेतल्याशिवाय अध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन निघेनात. श्रेय त्यांना मिळालं. चित्र प्रत्यक्ष उतरवलं द्वारपालाने आणि माळ्याने, असं जेनिंग्जने पुढे स्वतःच्या आठवणींत लिहिलं. मला त्याची साक्ष मोलाची वाटते.

रात्री आठनंतर
शत्रूच्या हाती लागू नये म्हणून नौदलाची गोदी अमेरिकनांनीच पेटवली. मग ब्रिटिशांनी काँग्रेसची इमारत, कॅपिटॉल, पेटवली. काँग्रेसच्या ग्रंथालयातली सुमारे तीन हजार पुस्तकं त्यातच गेली.

अकराच्या सुमारास
ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मॅडिसन यांच्यासाठी वाढलेलं जेवण जेवून घेतलं आणि घराला आग लावली.

दुसऱ्या दिवशी भयंकर वादळ आलं. त्या रात्री ब्रिटिश निघून गेले. आर्मस्ट्राँग यांना राजीनामा द्यावा लागला आणि तो योग्यच होता. २४ डिसेंबरला गेंट इथे तह झाला. कॅनडाची तसूभर जमीन अमेरिकेला मिळाली नाही, आणि खलाशांच्या सक्तीच्या भरतीचा त्या तहात उल्लेखही नव्हता.