डॉक्टरयादीबाहेर राहणे (नॉर्वे)

डॉक्टरयादीबाहेर राहणे : नॉर्वेत प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाला एका ठरावीक डॉक्टरच्या यादीत नाव असण्याचा हक्क आहे. तो हक्क न वापरता, तसे रीतसर कळवून, कुणाच्याही यादीत नाव न ठेवणे म्हणजे यादीबाहेर राहणे. यादी सांभाळणाऱ्या डॉक्टरला तिथे ‘फास्टलेगे’ म्हणतात. ही योजना १ जून २००१ रोजी देशभर लागू झाली. रहिवाशाच्या दृष्टीने ती पहिल्यापासून ऐच्छिक आहे. मात्र आत राहायला काही करावे लागत नाही, बाहेर पडायचे तर कळवावे लागते. त्यामुळे जवळपास सगळा देश यादीत आहे आणि बाहेर राहणारे शंभरात एकही भरत नाहीत.

पार्श्वभूमी : २००१ पूर्वी कोणत्याही डॉक्टरकडे जाण्याची मोकळीक होती. शहरांत माणसे या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत आणि आपला रुग्ण कोणता हे डॉक्टरलाही सांगता येत नसे. उत्तरेकडच्या विरळ वस्तीत तर डॉक्टर टिकतच नसत. १९९३ ते १९९६ या काळात ट्रॉन्हाइम, ट्रोम्सो, लिलेहामर आणि ओस्नेस या चार नगरपालिकांत यादीपद्धतीचा प्रयोग झाला आणि पुढे तोच कायद्यात उतरला. यादीची कल्पना मात्र नॉर्वेची नव्हे. इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्ज यांनी आणलेल्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांची नावे ‘पॅनल’वरच्या डॉक्टरांकडे लागू लागली आणि डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम मिळू लागली. मुंबईच्या गिरणगावात ‘पॅनल डॉक्टर’ हा शब्द घरोघरी माहीत होता तो त्याच वंशातला. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगार खासगी डॉक्टरच्या यादीत आपल्या कुटुंबाचे नाव लावत असे. त्या योजनेतून मनाने बाहेर पडण्याची सोय कामगाराला नव्हती. पगार मर्यादेपलीकडे गेला की तोच बाहेर पडे.

आत काय मिळते : बाहेर राहण्याचा अर्थ कळण्यासाठी आधी यादीचा अर्थ पाहावा लागतो. डॉक्टरला नगरपालिकेकडून यादीतल्या प्रत्येक माणसामागे रक्कम मिळते, मग तो माणूस वर्षभरात एकदाही तपासायला आला नाही तरी. त्याशिवाय प्रत्येक तपासणीमागे राष्ट्रीय विम्याकडून शुल्क आणि रुग्णाकडून त्याचा वाटा मिळतो. एका यादीत जास्तीत जास्त २,५०० नावे असू शकतात. या पैशाच्या बदल्यात डॉक्टरवर जी बंधने येतात ती २०१३ पासून लागू असलेल्या नियमावलीत बारकाईने लिहिली आहेत. दवाखान्याला येणाऱ्या फोनपैकी ८० टक्के फोन दोन मिनिटांच्या आत उचलले जावेत. साधारणतः पाच कामाच्या दिवसांत भेटीची वेळ मिळावी. जो रुग्ण स्वतः येऊ शकत नाही त्याच्या घरी जावे, आणि ज्याला गरज असूनही तो मदत मागत नाही त्याच्यापर्यंत डॉक्टरने आपण होऊन पोचावे. अनेक ठिकाणची औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या औषधांची एकच बिनचूक यादी त्याने ठेवावी. प्रत्यक्षात हे सगळे नेहमी घडते असे कोणी म्हणणार नाही. पण घडले नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे ठरलेले आहे.

यादीतल्या माणसाला वर्षातून दोनदा डॉक्टर बदलता येतो. दुसऱ्या गावी राहायला गेल्यावर जुना डॉक्टर ठेवता येतो, दुसऱ्या नगरपालिकेतला निवडताही येतो. आजाराबद्दल योजनेतल्याच दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचाही हक्क आहे. सोळा वर्षांखालील मुलांची निवड आईवडील करतात, पुढे मुले स्वतः.

बाहेर पडल्यावर : यादी सोडली म्हणजे सार्वजनिक आरोग्यसेवा सोडली, असा समज होऊ शकतो. तसे नाही. राष्ट्रीय विम्याचे सदस्यत्व देशात राहण्यावरून ठरते, म्हणून करही तेवढाच भरावा लागतो आणि रुग्णालयातल्या उपचाराचा हक्कही तसाच राहतो. जिवावर बेतले तर ११३ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, रात्री-अपरात्री ११६११७ वर ‘लेगेवाक्त’ म्हणजे तातडीचा दवाखाना मिळतो. बदल होतो तो साध्या तपासणीत. यादीबाहेरच्या माणसाला कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते, पण त्याच्याकडून घेतला जाणारा वाटा यादीतल्या रुग्णापेक्षा जास्त असतो. आणि कोणत्याच डॉक्टरवर त्याच्यासाठी वेळ राखून ठेवण्याचे बंधन नसते.

जादा पैसे ही त्यातली लहान किंमत म्हणावी लागेल. मोठी किंमत अशी की वर सांगितलेल्या बंधनांपैकी एकही या माणसाच्या नावाने कुणावर राहत नाही. रुग्णालयातून घरी सोडल्यावरचे पत्र कुणाकडे जायचे, तीन तज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या एकमेकींना जुळतात का हे कोणी पाहायचे, तब्येत खालावूनही गप्प बसलेल्या माणसाचे दार कोणी ठोठावायचे, या प्रश्नांना त्याच्या बाबतीत उत्तर उरत नाही.

बर्गनच्या संशोधकांनी सुमारे ४५ लाख रहिवाशांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिसमध्ये निष्कर्ष छापले. ज्यांचा फास्टलेगे पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांना तातडीच्या दवाखान्यात जावे लागण्याची किंवा अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता, डॉक्टरशी जेमतेम वर्षाची ओळख असलेल्यांपेक्षा तीसेक टक्क्यांनी कमी आढळली. मृत्यूची शक्यताही पाव हिश्श्याने कमी होती. नोंदींवरून केलेल्या अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ओळखीची वर्षे वाढत जातील तसा फायदा पायरीपायरीने वाढत गेलेला दिसतो, आणि तो योगायोग म्हणून सोडून देणे कठीण आहे. हा अभ्यास यादीतल्यांचाच आहे, बाहेर राहणाऱ्यांचा नाही. तरी बाहेर राहणारा काय सोडतो याचा अंदाज त्यावरून येतो.

एवढे सोडून हाती काय येते? फार थोडे. खासगी डॉक्टरकडे जायचे असेल तर यादी सोडावी लागत नाही. ऑस्लोत पूर्ण शुल्क घेणारे खासगी दवाखाने आहेत आणि तिथे जाणाऱ्या अनेकांचे नाव कुठल्या तरी फास्टलेगेकडे असतेच. डॉक्टर आवडला नाही तर वर्षातून दोनदा बदलण्याची सोय आहे. मग उरतात दोन कारणे : आपली सगळी माहिती एका माणसाच्या हाती नको ही भावना, आणि सरकारने आपल्याला कुणाला तरी वाटून द्यावे यालाच असलेला विरोध. दोन्ही कारणे तत्त्वाची आहेत, सोयीचे त्यात काही नाही. त्यांच्यासाठी कायद्यात वाट ठेवणे योग्यच. ती वाट ओस असते याचे नवल वाटायला नको.

शेजारी देश : डेन्मार्कने हाच प्रश्न जास्त मोकळेपणाने सोडवला आहे. तिथे १९७३ मध्ये जुने आजारपण-निधी बंद झाले आणि त्या दशकात दोन गट रूढ झाले. पहिल्या गटातला माणूस एका डॉक्टरशी बांधलेला असतो, त्याला तपासणी फुकट मिळते आणि तज्ज्ञाकडे जायला बहुधा चिठ्ठी लागते. दुसऱ्या गटातला कोणत्याही डॉक्टरकडे, चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडेही जातो. सरकार पहिल्या गटाइतकाच हिस्सा देते, वरचा फरक त्याने भरायचा. म्हणजे पैसे जास्त जातात, पण बदल्यात मोकळीक मिळते. नॉर्वेत यादीबाहेर पडल्याने ती मोकळीक मिळत नाही, कारण सरकारी खर्चाने तज्ज्ञाला दाखवायचे तर चिठ्ठी तिथे बाहेरच्यालाही लागते. एवढे असून डेन्मार्कमध्येही सुमारे ९९ टक्के लोक पहिल्याच गटात आहेत. इंग्लंडमध्ये डॉक्टरची तपासणी मुळात फुकट असल्याने जादा शुल्काचा प्रश्नच येत नाही. दवाखान्याला लेखी कळवून नाव काढता येते, मग खासगी डॉक्टर किंवा तातडीची सेवा एवढेच पर्याय उरतात.

नको असताना बाहेर : स्वेच्छेने यादी सोडणाऱ्यांपेक्षा नाइलाजाने बाहेर राहणारे जास्त. यादीचा हक्क लोकसंख्या-नोंदणीत रहिवासी म्हणून असलेल्या नावाला जोडलेला आहे. कामानिमित्त सहा महिन्यांपेक्षा कमी मुक्कामाला आलेल्या परदेशी माणसाला रहिवाशाऐवजी तात्पुरता ‘डी’ क्रमांक मिळतो आणि त्यावर सहसा फास्टलेगे मिळत नाही. स्टाव्हांगरच्या तेलकंपन्यांत किंवा ऑस्लोतल्या संगणक प्रकल्पांवर थोड्या काळासाठी येणारे पुण्या-मुंबईचे अभियंते याच वर्गात मोडतात. त्यांना भेटायला येणारे आईवडील तर कुठल्याच वर्गात नाहीत. त्यांच्यासाठी प्रवासविमा हाच आधार.

दुसरा प्रकार जास्त विचित्र आहे. गेल्या काही वर्षांत फास्टलेगेंची टंचाई निर्माण झाली. डॉक्टर काम सोडून जातो, यादी तशीच राहते आणि बदली डॉक्टर येत-जात राहतात. अशा ‘डॉक्टरविना याद्यां’वर पुष्कळ लोक अडकलेले आहेत. कागदोपत्री ते आत आहेत, म्हणून शुल्क यादीतल्या दरानेच देतात. पण दर खेपेला समोर नवा चेहरा असतो. स्वेच्छेने बाहेर पडलेल्या माणसाने जे सोडले, तेच यांनाही मिळत नाही, आणि यांनी तर काही सोडलेलेही नाही.

परत येणे : बाहेर पडलेल्याला पुन्हा कधीही नाव लावता येते. त्यासाठी ‘हेल्सेनोर्गे’ या सरकारी आरोग्य-संकेतस्थळावर जागा रिकामी असलेला डॉक्टर निवडायचा. जुन्याच डॉक्टरकडे जागा असेल याची खात्री नसते. शहरांत पसंतीच्या डॉक्टरसाठी प्रतीक्षायादीत थांबावे लागते. मधल्या काळातले कागद ज्या-ज्या डॉक्टरांकडे तपासणी झाली त्यांच्याकडे राहिलेले असतात. नव्या डॉक्टरकडे ते पाठवण्याची विनंती रुग्णाने स्वतः करायची असते.