रांचीपासून नगरच्या किल्ल्यापर्यंत

घरात मयत झाली की आपल्याकडे कुरआन उघडले जाते. सिपारे वाटून घेतले जातात, यासीन पढली जाते आणि रडून थकलेल्या माणसांना त्या आवाजाने धीर येतो. अर्थ कळणारे थोडेच असतात. तरीही धीर येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण चाळिसावा उरकला की तो का ओसरतो, हे आपण स्वतःला क्वचितच विचारतो. या प्रश्नासाठी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या कैदेच्या वर्षांकडे पाहावे, असे आम्हाला वाटते. त्यांच्या राजकारणावर पुष्कळ लिहून झाले आहे. त्यांच्या एकांताकडे आपण कमी पाहिले.

१९१६ साली बंगाल सरकारने मौलानांना हद्दपार केले. ते रांचीला गेले आणि तिथेच १९१९ च्या अखेरीपर्यंत नजरकैदेत राहिले. कुरआनचा उर्दू अनुवाद आणि भाष्य यांचे काम हाती होते. झडतीत पोलिसांनी कागद नेले. पुढे १९२१ च्या अटकेतही हस्तलिखितांची तीच गत झाली. मौलानांनी पुन्हा लिहायला घेतले. ‘तर्जुमानुल कुरआन’चा पहिला खंड १९३० साली मेरठच्या तुरुंगात पुरा झाला, दुसरा १९३६ मध्ये निघाला. अठरा पाऱ्यांपलीकडे हे काम छापून आले नाही.

या ग्रंथाची अर्पणपत्रिका आपण सर्वांनी वाचावी अशी आहे. डिसेंबर १९१८ मध्ये रांचीत इशाच्या नमाजनंतर मशिदीतून परतताना कांबळे पांघरलेला एक माणूस मौलानांच्या मागे येऊन उभा राहिला. तो कंदाहारकडून आला होता, वाटेचा मोठा भाग पायी तुडवत. कुरआनातल्या काही जागा समजून घ्यायच्या, एवढेच त्याचे काम. काही दिवस राहून तो न सांगता निघून गेला. परतीच्या खर्चाला मौलाना पैसे देतील, ही त्याला भीती होती. मौलानांना पुढे त्याचे नावही आठवेना; तरी ग्रंथ त्यालाच अर्पण झाला. शब्द पढता येत असूनही अर्थासाठी चालत निघालेला हा माणूस आम्हाला फार जवळचा वाटतो.

त्या भाष्याचा मोठा भाग एकट्या सूरह फातिहावर आहे. सात आयतींची ही सूरह आपण पाच वेळच्या फर्ज नमाजांतच दिवसाला सतरा वेळा पढतो. मौलानांनी तिच्यातून अल्लाहचे पालनपोषण, त्याची दया आणि त्याचा न्याय हे तीन गुण उलगडून दाखवले. भयापेक्षा पालनकर्त्याची ओळख आधी येते, हे त्यांचे सांगणे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फातिहेतली याचना एकवचनी नाही. कोठडीत एकटा उभा असलेला कैदीसुद्धा तिथे ‘आम्ही’ म्हणूनच बोलतो. एकटेपणाची धार तिथेच बोथट होते.

या सगळ्याची कसोटी आपल्या महाराष्ट्रात लागली. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झाली आणि मौलानांना नेहरू, पटेल आदींबरोबर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) किल्ल्यात ठेवले गेले. कलकत्त्याहून निघताना आजारी पत्नी जुलेखा बेगम दारापर्यंत आल्या होत्या. मार्च १९४३ मध्ये त्यांची प्रकृती गंभीर असल्याची बातमी आली. सरकारकडे काही मागणे असेल तर पोहोचवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी काही मागितले नाही. ९ एप्रिलला निधनाची तार आली.

‘गुबारे खातिर’ १९४६ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या पत्रात मौलानांनी या दिवसांविषयी लिहिले आहे आणि तेही आडपडदा न ठेवता. दिनक्रम मोडला नाही, पण वरून दिसणाऱ्या त्या शांतपणात दिखाव्याचाही भाग होता, हे ते मान्य करतात. किल्ल्याच्या आवारातली एक जुनी कबर पाहून त्यांना भावाच्या मृत्यूवर शोक करणारा अरबी कवी मुतम्मिम आठवतो. त्याच संग्रहात ते म्हणतात की तत्त्वज्ञान शंकेचे दार उघडते, विज्ञान पुरावा देते, पण दुःखात टेकायला लागणारा विश्वास धर्माकडेच मिळतो. तरुणपणी वारशाने आलेली श्रद्धा गमावून, शंकेतून जाऊन ती पुन्हा मिळवलेल्या माणसाचे हे बोलणे आहे.

सब्र म्हणजे दुःख न होणे, असे आपण समजतो आणि मग रडणाऱ्या बायाबापड्यांना गप्प बसवतो. कुरआनात हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे झाले, तरी ते सब्र करणारेच होते, आपले गाऱ्हाणे त्यांनी अल्लाहपुढे मांडले. नमाज म्हणजे हे गाऱ्हाणे मांडण्याची जागा. मात्र आपण काय बोलतो आहोत हे कळले, तरच तिथे मन मोकळे होते. कंदाहारच्या त्या माणसाला अर्थासाठी इतकी वाट तुडवावी लागली. आज कुरआनचे मराठी अनुवाद आहेत, आपल्याच घरच्या भाषेत. निदान फातिहेच्या सात आयती तरी आपण समजून पढू या.