अमेरिकेच्या दारात : इमिग्रेशन आणि कस्टम्सची तयारी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या मनात एक समज पक्का असतो : व्हिसा हाती पडला की अवघड भाग संपला, उरल्या त्या फक्त बॅगा. प्रत्यक्षात व्हिसा ही त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी असते. दार उघडायचे की नाही आणि किती दिवसांसाठी, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो. पासपोर्टवरील दहा वर्षांचा व्हिसा दहा वर्षे राहू देत नाही. 'बी-२' या पर्यटक व्हिसावर प्रत्येक प्रवेशाच्या वेळी मुक्कामाची मुदत नव्याने मिळते, बहुधा सहा महिन्यांची. तिची नोंद 'आय-९४' या दस्तऐवजात होते. पूर्वी हे पांढरे कार्ड पासपोर्टला टाचलेले असे; विमानप्रवाशांसाठी २०१३ पासून ते संगणकीय झाले. त्यामुळे घरी पोहोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच सरकारी संकेतस्थळावरून त्याची प्रत काढून नाव आणि तारीख तपासणे आवश्यक ठरते. ही तारीख ओलांडली की त्या व्हिसाची किंमत शून्य होते. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाल्यास तीन वर्षे आणि वर्ष उलटल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशास बंदी होऊ शकते. नातवाचे बारसे लांबले, हे कारण तेथे चालत नाही.

इमिग्रेशन आणि कस्टम्स ही दोन वेगळी दालने असली, तरी २००३ पासून दोन्हींचे काम 'कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन' या एकाच यंत्रणेकडे आहे. पहिल्या खिडकीवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते आणि मोजके प्रश्न विचारले जातात : कशासाठी आलात, कोणाकडे उतरणार, परत कधी जाणार? मुलाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून हाताशी ठेवावा. फोनमध्ये साठवलेला पत्ता नेमका तेव्हाच सापडत नाही. परतीचे तिकीटही जवळ असावे. उत्तर खरे आणि थोडक्यात द्यावे. 'मुलीच्या बाळंतपणासाठी आलो' हे सांगण्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही आणि अधिकाऱ्याचे लक्ष त्याच मुद्द्यावर असते, हे ध्यानात असावे. इंग्रजी समजले नाही तर अंदाजाने 'येस' म्हणण्यापेक्षा दुभाष्या मागणे केव्हाही श्रेयस्कर. एखाद्याला आतल्या खोलीत अधिक चौकशीसाठी नेले, म्हणजे परत पाठवले असे नव्हे. परंतु खोटे बोलल्याचे उघड झाले, तर तेथूनच परत पाठवणी आणि किमान पाच वर्षांची बंदी ओढवू शकते.

मराठी कुटुंबांची खरी परीक्षा होते ती पुढच्या दालनात. 'सामानात काही खाण्याचे पदार्थ आहेत का?' या प्रश्नाला सवयीने 'नाही' असे उत्तर दिले जाते आणि बॅगेतून लोणच्याची बरणी, भाजणी, गोडा मसाला निघतो. हे पदार्थ सहसा अडवले जात नाहीत. अडचण त्या 'नाही'मुळे होते. जाहीर केलेली वस्तू निषिद्ध असली तर ती काढून घेतली जाते आणि प्रवासी दंडाविना मोकळा होतो. लपवलेल्या वस्तूपायी मात्र शेकडो डॉलरचा भुर्दंड पडू शकतो. बऱ्याच विमानतळांवर कागदी अर्ज आता भरून घेतला जात नाही, पण सांगण्याचे बंधन कायम आहे.

काय नेऊ नये, यामागे शेतीचा विचार आहे. ताजा कढीपत्ता अडवला जातो, कारण त्यावर पोसली जाणारी सायला कीड संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारा ग्रीनिंग रोग पसरवते. तांदूळ आणि हरभरे यांना मज्जाव आहे तो साठवणीतील धान्य पोखरणाऱ्या खापरा भुंगेऱ्यामुळे. आंब्याची कथा तर सर्वश्रुत आहे. दीर्घकाळ बंदी असलेला भारतीय आंबा २००७ मध्ये अमेरिकेत पोहोचला तो लासलगावच्या केंद्रात किरणोत्सर्गाची प्रक्रिया होऊन, व्यापारी मालाच्या रूपात. पिशवीतल्या डझनभर हापूसला ती सवलत नाही. मांस आणि मांसयुक्त सूपची पाकिटे, माती, कुंडीतले तुळशीचे रोप यांनाही हीच गत. २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत शेणाच्या गोवऱ्या सापडल्या. लाळ-खुरकत रोगाच्या भीतीने त्या नष्ट करण्यात आल्या. गावाकडच्या गोठ्यात वा शेतात जाऊन आलेल्यांनी तेही सांगावे आणि चपला-बूट स्वच्छ धुऊनच न्यावेत.

आखाती मार्गाने जाणाऱ्यांनी आणखी एका जिन्नसाची काळजी घ्यावी : खसखस. संयुक्त अरब अमिरातीत तिची गणना अमली पदार्थांत होते. दुबईत दोन दिवस थांबून पुढे जाण्याचा बेत असेल, तर अनारसेही घरीच ठेवलेले बरे.

पैशांबाबत गैरसमज उलटा आहे. दहा हजार डॉलर ही नेण्याची मर्यादा नसून त्याहून अधिक रक्कम असल्यास ती जाहीर करण्याची आहे. एकत्रित निवेदन देणाऱ्या कुटुंबासाठी ती सर्वांची मिळून मोजली जाते, त्यामुळे पती-पत्नींनी वाटून घेतल्याने सुटका होत नाही. दागिने नेणाऱ्यांनी मुंबईहून निघतानाच भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. ते नसेल तर परतताना आपलेच मंगळसूत्र आपण तेथे विकत घेतलेले नाही, हे सिद्ध करण्याची वेळ येते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि साधारण तीन महिन्यांपुरतीच असावीत. ती हातातल्या बॅगेत ठेवावीत.

विमान बदलून जाणाऱ्यांना हे सारे सोपस्कार अमेरिकेतील पहिल्याच विमानतळावर करावे लागतात. तेथे सामान पट्ट्यावरून उतरवून, कस्टम्समधून बाहेर काढून, पुन्हा पुढच्या विमानासाठी सोपवायचे असते. अबुधाबीमार्गे थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची ही तपासणी विमानात बसण्यापूर्वी तेथेच होते. इतरांनी दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवूनच तिकीट काढावे.