सुटलेली वायर आणि ३४७ गॅरेजं

आजचा विषय आहे सर्व्हिस सेंटरचं बिल. सगळ्यांच्या जवळचा आणि खिशाला झोंबणारा. पण सुरुवात करू १९४१ सालच्या अमेरिकेपासून.

त्या वर्षी 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने एक साधा प्रयोग केला. त्यांचे तपासनीस एक ठणठणीत गाडी घेऊन देशभर फिरले. गॅरेज जवळ आलं की गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं, इग्निशन कॉइलची एक वायर सोडवायची आणि बॉनेट परत लावायचं. मग गॅरेजवाल्याला म्हणायचं, बघा हो जरा, हिला काय झालंय. कॉइल म्हणजे प्लगला ठिणगी पडावी म्हणून बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा पार्ट. तिची सुटलेली वायर गॅरेजातल्या शिकाऊ पोऱ्यालाही दिसते, आणि परत लावायला मिनिटही लागत नाही.

४८ राज्यांत मिळून ३४७ गॅरेजं झाली. (तेव्हा अमेरिकेत राज्यंच ४८ होती.) त्यातल्या १२९ ठिकाणी वायर लगेच दिसली आणि लावून मिळाली, कुठे फुकट, कुठे किरकोळ पैशांत. उरलेल्या २१८ ठिकाणी, म्हणजे शंभरातल्या ६३ ठिकाणी, नसलेले बिघाड निघाले, नको ती कामं झाली, न केलेल्या कामाचे पैसे लागले.

मला या प्रयोगात त्या आकड्यापेक्षा त्याची रचना जास्त आवडते. गाडीला काय झालंय हे तपासनिसांना आधीच माहीत होतं. आपण गाडी सर्व्हिसिंगला देतो तेव्हा नेमकं तेच आपल्याला माहीत नसतं. सुतारकाम वाईट झालं तर दार लागत नाही, कळतं. पण ब्रेक पॅड खरंच झिजले होते का, हे बदलल्यानंतर कसं कळणार?

अमेरिकेत तक्रारी वाढत गेल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सिनेटर फिलिप हार्ट यांच्या उपसमितीने गाड्यांच्या दुरुस्तीवर सुनावण्या घेतल्या. १९७१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने वाहन दुरुस्तीचा वेगळा कायदा केला आणि त्यासाठी वेगळं खातंच उभं केलं. कामाआधी लेखी एस्टिमेट द्यायचं, त्याहून जास्त खर्च होणार असेल तर ग्राहकाला विचारायचं, आणि त्याने मागितले तर काढलेले जुने पार्ट त्याला परत द्यायचे. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

या खात्याने सगळ्यात मोठा मासा पकडला तो वीस वर्षांनी. सिअर्स हे अमेरिकेतलं घराघरात माहीत असलेलं दुकान. कपडे, फ्रिज, हत्यारं सगळं विकायचं आणि शेजारी गाड्यांचं सर्व्हिस सेंटरही चालवायचं. लोकांचा विश्वास एवढा, की कोपऱ्यावरच्या गॅरेजला घाबरणारा माणूस खास सिअर्सकडे जायचा. त्याच सिअर्सच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा खात्याने १९४१चीच युक्ती वापरली. गाड्या आधी स्वतःच्या तंत्रज्ञांकडून तपासून घेतल्या. ब्रेक झिजलेले ठेवले, बाकी सगळं ठीक. मग साध्या ग्राहकाच्या वेशात माणसं पाठवली. २७ सेंटर्स, ३८ फेऱ्या, आणि त्यातल्या ३४ फेऱ्यांत गरज नसलेली कामं गळ्यात मारली गेली. सरासरी जादा बिल २२३ डॉलर. काँकर्ड शहरात तर एका गाडीवर ५८५ डॉलर जादा लावले, स्प्रिंगासुद्धा बदलल्या. सिअर्सला हे कळवल्यानंतर पुन्हा दहा फेऱ्या केल्या, तरी सात ठिकाणी तेच. जून १९९२ मध्ये राज्याने जाहीर कारवाई सुरू केली. पाठोपाठ न्यू जर्सीनेही.

आता गंमत बघा. सिअर्सने काय अचानक हजारो चोर कामावर घेतले होते का? नाही. कंपनीचा नफा घसरला आणि पगाराची पद्धत बदलली. मेकॅनिकचा तासाचा पगार कमी करून कामाच्या नगावर पैसे सुरू झाले. ग्राहकाशी बोलणाऱ्या 'सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर'ला कमिशन मिळू लागलं आणि टार्गेट आलं, एका पाळीत इतके शॉक अ‍ॅब्सॉर्बर, इतकी ब्रेकची कामं. म्हणजे गाडीला काय हवंय हे सांगणारा माणूस आणि ते विकून पोट भरणारा माणूस एकच झाला. डॉक्टरला गोळीमागे कमिशन दिल्यासारखं. त्याच खुर्चीत प्रामाणिक माणूस बसवला, तरी महिनाअखेरीला त्याची नजर तुमच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर जाणारच.

सिअर्सने आधी सगळं नाकारलं. त्यांचा बचाव मात्र ओळखीचा वाटेल. आम्ही पार्ट बिघडायच्या आधी बदलतो, ग्राहकाच्या सुरक्षेसाठी. अडचण अशी की हे कधीकधी खरंही असतं. टायमिंग बेल्ट तुटायची वाट बघत बसलात तर अनेक गाड्यांत इंजिनच जातं. 'आधीच बदललेलं बरं' या एका वाक्यात चांगला सल्ला आणि लबाडी शेजारी शेजारी राहतात, आणि बाहेरून दोघं सारखेच दिसतात. शेवटी कंपनीचे प्रमुख एडवर्ड ब्रेनन यांनी चुका झाल्याचं मान्य केलं, अ‍ॅडव्हायझरचं कमिशन आणि टार्गेट बंद झालं, आणि ग्राहकांना ५० डॉलरची कूपनं मिळाली. कूपन वापरायचं कुठे? सिअर्समध्येच!

आता आपल्याकडे या. लायसन्स राजच्या काळात गाड्याच मोजक्या होत्या आणि मेकॅनिक ओळखीचा असायचा. तो फसवायचा नाही असं नाही, पण रोज नाक्यावर तोंड दाखवायचं असल्याने जपून फसवायचा. नंतर काचेची दारं, एसी वेटिंग रूम आणि फुकट कॉफी आली. आणि टेबलामागे बसलेल्या माणसाचं पदनाम बघा, तेच, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. त्याच्यावर चिडताना त्याच्याही डोक्यावर टार्गेट असू शकतं, हे लक्षात असलेलं बरं.

आपली मोठी केस वेगळ्या टोकाची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा की अस्सल स्पेअर पार्ट आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, त्यामुळे ग्राहक अधिकृत सेंटरला बांधला जातो. दंडावर पुढे अपिलं झाली. पण त्या आदेशातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालू नका, असं आयोगाने बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं असेल, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. 'बाहेर हात लावला की वॉरंटी गेली' असं काउंटरवरून ऐकलं, की हे आठवा आणि म्हणा, लेखी द्या.

निष्काळजी कामाची गोष्ट थोडी निराळी. लबाडीला बिल असतं. निष्काळजीपणाला पार्किंगमध्ये पडलेला ऑइलचा डाग असतो, नीट न आवळलेला ड्रेन बोल्ट असतो. टॅक्सी चालवणाऱ्याचा त्यात दिवसाचा धंदा बुडतो, हप्ता मात्र थांबत नाही. यासाठी कायद्यात शब्द आहे 'सेवेतील त्रुटी', आणि तो आला १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून. मुंबई ग्राहक पंचायत त्याच्याही आधी, १९७५ मध्ये उभी राहिली होती, म्हणजे या बाबतीत महाराष्ट्र झोपलेला नव्हता.

आणि आता १९४१ची ती युक्ती तुमच्या खिशात आहे. गाडी देण्याआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. किलोमीटर, पेट्रोलचा काटा, टायर, बॅटरीवरचा नंबर, जुने ओरखडे. जॉब कार्डवर 'फोन करून विचारल्याशिवाय जादा काम करू नये' असं लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. काढलेले पार्ट परत हवेत, हेही तिथेच लिहा. गाडी देतानाच जुना पार्ट मागितलेल्या ग्राहकाचं बिल लिहिताना पेन जरा जपून चालतं. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनी ठेवून घेते, पण तो दाखवा असं म्हणायला काहीच हरकत नाही.

तरीही बिनसलं, तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी मेल करा, नुसता फोन नको. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आणि २०१९च्या नव्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पुण्यात बिघडवलेल्या गाडीसाठी नागपूरच्या माणसाला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. तारखेला यायचं ते पुण्याच्या सर्व्हिस सेंटरने.