मॉर्टल कॉम्बॅट : रक्त, घाम आणि खोक्यावरचा शिक्का

मॉर्टल कॉम्बॅटचा इतिहास सांगताना रक्त किती वाढत गेलं, एवढंच बहुधा मोजलं जातं. आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. हा गेम कोणासाठी आहे, हे ठरवलं कोणी?

सुरुवात १९९२ ची, शिकागोतल्या मिडवे कंपनीतली. एड बून, जॉन टोबायस आणि आणखी दोघे, अशा चौघांच्या चमूनं हा गेम उभा केला. आदल्या वर्षीच्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधली पात्रं हातानं काढलेली होती. इथे खऱ्या माणसांचं चित्रण करून तीच माणसं पडद्यावर लढवली. म्हणून हरलेल्याला ठार करणारी ‘फेटॅलिटी’ बघणाऱ्याला जास्त खरी वाटली.

तोवर हा खेळ नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर होता. सप्टेंबर १९९३ मध्ये तो घरातल्या टीव्हीवर आला आणि पंचाईत झाली. निन्टेन्डोनं लाल रक्ताचा राखाडी घाम केला. सेगानं रक्त ठेवलं, पण बटणांच्या एका गुप्त क्रमामागे दडवलं. आता बघा, असं गुपित मुलांपासून किती दिवस लपणार? खप सेगाचाच जास्त झाला.

डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. जो लीबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांचा रोख स्पष्ट होता: वयानुसार वर्गवारी तुम्ही करा, नाहीतर सरकार करेल. त्यातून १९९४ मध्ये उद्योगानं स्वतःच ईएसआरबी हे मंडळ स्थापन केलं.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी मालिकेचा दुसरा भाग निन्टेन्डोवर रक्तासकट आला. म्हणजे ज्या शिक्क्यानं सावध करायचं, त्यानंच मोकळीकही दिली. ‘प्रौढांसाठी’ असं छापलं की निर्मात्यांचे हात सुटले.

२००९ मध्ये मिडवेचं दिवाळं निघालं आणि मालिका वॉर्नर ब्रदर्सकडे गेली. २०११ चा नवा भाग इतका हिंस्र होता, की ऑस्ट्रेलियानं त्याला वर्गवारीच नाकारली. कारण तिथे गेमसाठी प्रौढांचा वर्गच नव्हता! २०१३ मध्ये तो वर्ग आला आणि गेमला परवानगी मिळाली.

तेव्हा आपल्या प्रश्नाचं उत्तर काय? उद्योगानं शिक्का मारला, सरकारांनी वर्ग पाडले. पण दोघांनीही एक काम घरावर सोडलं: खोकं हातात घेऊन तो शिक्का वाचण्याचं. ते काम आपण करतो का, यावर प्रश्नोत्तरांत बोलू.